फ्रेंच टोस्ट बाहेरून करपतो, आत लिबलिबीत राहतो: काय चुकतंय?

जुळे सोलापुरातल्या एका वडिलांनी विचारलंय. बायकोची सकाळची ड्यूटी, त्यामुळे दोन्ही मुलांचा नाश्ता त्यांच्याकडे. मोबाईलवर बघून फ्रेंच टोस्ट करतात, पण दरवेळी बाहेरून काळा आणि आत लिबलिबीत. धाकटी ‘अंड्याचा वास येतोय’ म्हणून ताटली बाजूला सारते. घरातले आजी-आजोबा श्रावणात अंडं खात नाहीत, त्यांना काय द्यायचं हा दुसरा प्रश्न. नॉनस्टिक तवा घ्यावा का, हा तिसरा. माझा नाश्त्याचा धंदा आहे, सगळी सकाळ तव्यापुढेच जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या वर्णनावरूनच कळतं की तुम्ही टोस्ट आमलेटच्या पद्धतीनं करताय. गॅस मोठा, तवा कडकडीत, चर्र झालं की उलटला. आमलेटला ते चालतं, कारण अंड्याचा पातळ थर थेट तव्याला लागलेला असतो. इथं दूध-अंडं ब्रेडच्या पोटात शिरलंय आणि ते तिथंच, आतल्या आत, खरवसासारखं जमून यायला हवं. अंड्याचा पांढरा भाग ६० अंशांच्या जरा वर गेला की घट्ट व्हायला लागतो, पिवळा बलक ६५ ते ७० च्या दरम्यान. पण त्यात दूध आणि साखर पडली की हा आकडा वर सरकतो, पार ८० च्या आसपास जातो. ब्रेडच्या मधोमध तेवढी ऊब पोचायला वेळ लागतो. मोठ्या आचेवर ती पोचायच्या आधीच वरचं साल काळं होतं. म्हणजे काळा रंग आणि आतला गिचका या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. आच कमी करा, वेळ वाढवा.

पण आच कमी करूनही लिबलिबीत राहिला, तर दोष ब्रेडचा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण निम्मा टोस्ट इथंच ठरतो.

सगळे सांगतात, शिळा ब्रेड घ्या. लोक मग पिशवीतला ब्रेड दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवतात आणि शिळा झाला म्हणून वापरतात. हाताला तो कडक लागतो, पण त्यातलं पाणी कुठं गेलेलं नसतं. ब्रेड भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, आणि गार झाल्यावर हळूहळू परत कडक होत जातो. फ्रिजच्या गारव्यात हे सगळ्यात लवकर होतं. हाच ब्रेड तव्यावर गरम झाला की स्टार्च पुन्हा ढिला पडतो आणि ब्रेड होता तसा मऊ होतो. वर दूध-अंड्याचं पाणी. मग गिचका नाही तर काय होणार? आपल्याला लागतो तो वाळलेला ब्रेड. पाणी निघून गेलेला, दूध-अंडं प्यायला आत जागा असलेला.

आणि वाळवायला सोलापूरसारखं गाव नाही बघा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकलेला असतो, हवा कोरडी ठणठणीत. स्लाइस पंख्याखाली ठेवल्या तर अर्ध्या-पाऊण तासात वरून खरखरीत होतात. ताटात ठेवू नका, खालची बाजू घामेजते. पापड भाजायची जाळी किंवा पालथी घातलेली पिठाची चाळणी घ्या, म्हणजे दोन्हीकडून हवा लागते. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, थंडी असते, पण तेव्हाही हवा कोरडीच. रात्री स्लाइस मांडून वर पातळ फडकं टाका, सकाळी तयार. मुंग्या येत असतील तर जाळी पाण्याच्या परातीत वाटीवर ठेवा. पावसाळ्यात मात्र बाहेर ठेवायच्या फंदात पडू नका, बुरशी धरते, आणि एका स्लाइसवर ठिपका दिसला तर अख्खा पुडा टाकायचा, तेवढीच काढून चालत नाही. तेव्हा कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजू शेका. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त ओल काढायची.

ब्रेड कुठला? पुड्यातला पातळ कापलेला मिल्क ब्रेड सगळीकडे मिळतो, पण तो गोडसर आणि फार मऊ असतो, दुधात टाकला की हातात तुटतो. पर्याय नसेल तर तोच, पण नीट वाळवून. त्यापेक्षा जवळच्या बेकरीत सकाळी ‘न कापलेला द्या’ म्हणून सांगा, देतात. घरी करवतीच्या सुरीनं बोटाएवढ्या, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर जाडीच्या स्लाइस कापा. जाड स्लाइसमध्ये बाहेरचा खरपूसपणा आणि आतला मऊपणा वेगवेगळे लागतात. पातळ स्लाइसमध्ये त्याला जागाच नसते. लादी पावही चालतो. आडवा कापायचा, कापलेली बाजू जास्त भिजवायची, कारण वरचं तपकिरी साल दूध पीत नाही. ब्राउन ब्रेडचा टोस्ट थोडा कोरडा होतो, मुलांना आवडेलच असं नाही. बेकरीतले चहात बुडवायचे टोस्ट याला घेऊ नका, त्यांचा लगदा होतो.

आता माप. दोन अंडी, अर्धा कप म्हणजे १२० मिली दूध, दोन छोटे चमचे साखर, चिमूटभर मीठ. यात पुड्यातल्या पाच-सहा स्लाइस होतात किंवा जाड कापलेल्या तीन. खारं बटर वापरणार असाल तर मीठ वगळा. दूध यापेक्षा वाढवलं तर आतलं जमत नाही, कमी केलं तर आमलेट लावलेला ब्रेड होतो. साखर वाढवायचा मोह आवरा. ती तव्याला लागून करपते, आणि तुमच्या काळ्या टोस्टामागे थोडा हात तिचाही असणार.

दूध तापवून पूर्ण गार झालेलं घ्या. गरम दुधात अंडं फोडलं तर कधीकधी कडेनं शिजतं आणि धागे होतात. आपल्याकडे रतिबाचं म्हशीचं दूध असतं, जाड सायीचं. चवीला ते उत्तमच, पण साय काढून घ्या. तिचे तुकडे ब्रेडवर चिकटतात आणि तव्यावर तिथं तिथं काळे डाग पडतात. आणि उन्हाळ्यात हे मिश्रण ओट्यावर विसरू नका. कच्चं अंडं घातलेला पदार्थ एरवी दोन तासांवर बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासावर. आपल्याकडे मेमध्ये सकाळी नऊलाच ३२ होतात. रात्री कालवून झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर चालतं, सकाळी परत एकदा फेटायचं.

धाकटीचा वास. तिचं चूक नाही हो. अंड्याच्या पांढऱ्यात गंधक असतं. अंडं जास्त तापलं, जास्त वेळ तापलं की तो वास सुटतो. तुमच्या कडकडीत तव्यावर तेच होतंय. दुसरं कारण फेटण्यात. काट्यानं चार वेळा फिरवलं की बलक मोडतो, पिवळं पाणी दिसतं, आणि आपल्याला वाटतं झालं. पांढऱ्याच्या गाठी तशाच राहतात. त्या ब्रेडमध्ये शिरत नाहीत, वर बसतात आणि तव्यावर पांढरे, रबरासारखे चट्टे होतात. मुलं नेमके तेच चट्टे दाखवतात. म्हणून आधी नुसती अंडी साखर-मिठासोबत चांगली फेटा, मग दूध, मग चहाच्या गाळणीतून सगळं गाळून घ्या. गाळणीत जो चिकट गोळा राहतो तो बघितलात की परत कधी न गाळता करणार नाही. वर किसलेलं जायफळ, अगदी चिमूट. व्हॅनिला असेल तर तीन-चार थेंब. वेलची चालते, पण मला विचाराल तर दूध-अंड्याला जायफळच लागतं.

तरीही तिनं नाक मुरडलंच तर स्पेनची रीत करून बघा. तिथं ईस्टरच्या आधीच्या दिवसांत तोरिहा नावाचा असाच पदार्थ घरोघर होतो. जाड ब्रेड आधी नुसत्या गोड, दालचिनी घातलेल्या दुधात भिजवतात, आणि तळायच्या आधी फेटलेल्या अंड्यातून फक्त बुडवून काढतात. अंडं वरच्या पातळ पापुद्र्यापुरतं राहतं, आत सगळं दूध. वासाची तक्रार असलेल्यांना हा प्रकार बहुधा चालून जातो.

भिजवायला खोल वाटी नको, पसरट ताटली घ्या. एका वेळी एक किंवा दोन स्लाइस. वाळलेली पातळ स्लाइस एका बाजूनं दहा सेकंद, उलटून दहा. जाड असेल तर एका बाजूला मिनिटभर. स्लाइस कोपऱ्याला धरून उचला. ती वाकली पाहिजे पण फाटता कामा नये, आणि चार-पाच थेंब गळून गळणं थांबलं पाहिजे. धार लागली तर जास्त प्यायली. सगळ्या स्लाइस भिजवून रचून ठेवायच्या नाहीत, खालच्यांचा लगदा होतो. तव्यावर एक पडली की दुसरी दुधात.

तवा. मध्यम आचेवर तवा तापवा, मग आच मध्यमपेक्षा कमी करा. अर्धा चमचा तेल आणि तेवढंच बटर टाका. नुसतं बटर का नको? त्यात पाणी असतं आणि दुधाचे बारीक कण असतात, ते कण लवकर जळतात आणि काळे ठिपके होऊन टोस्टला चिकटतात. घरचं तूप असेल तर फारच बरं, त्यातले कण कढवतानाच बेरी होऊन गेलेले असतात. बटर टाकल्यावर आधी फेस येतो, म्हणजे पाणी उडतंय. फेस बसायला लागला, भाजलेल्या दाण्यासारखा हलका वास आला, पण रंग अजून पिवळाच आहे, ही वेळ. आता स्लाइस टाका. आवाज बारीक सुळसुळ यायला हवा. चर्र झालं तर तवा उचलून बाजूला धरा आणि आच अजून कमी करा. आवाजच आला नाही तर टोस्ट नुसता तूप पीत बसेल.

मग हात आवरायचा. उलथन्यानं दाबायचं नाही. दाबलं की आतलं कस्टर्ड तव्यावर येतं आणि तिथं त्याचं आमलेट होतं. अडीच-तीन मिनिटं थांबा आणि स्लाइसची कड बघत राहा. आधी ती ओली आणि चकचकीत असते, मग खालून वर हळूहळू चमक जाऊन सुकी पिवळी होत येते. निम्म्याच्या वर गेली की एकदाच उलटा. दुसरी बाजू थोडी लवकर होते. झाला की नाही हे बोटानं कळतं. मधोमध हलकं दाबा, खड्डा भरून वर आला तर झाला, बोट रुतलं तर नाही. झालेला टोस्ट मध्ये जरासा फुगतोही. जाड स्लाइसला शेवटी मिनिटभर झाकण ठेवा, मग झाकण काढून दोन्ही बाजू परत अर्धा मिनिट, म्हणजे वाफेनं मऊ पडलेलं साल खुटखुटीत होतं. घरात थर्मामीटर असेल तर मधोमध ७१ अंश दिसले की निर्धास्त द्या, लहान मुलं आणि आजी-आजोबांना तर तेवढं हवंच.

पहिला टोस्ट दुसरा होईपर्यंत थाळीत ठेवला तर खालून ओला होतो. तो परत त्या पापडाच्या जाळीवर. एकावर एक रचू नका.

वरून साखरेचा कडक थर हवा असेल तर झालेल्या टोस्टवर अर्धा चमचा साखर भुरभुरवा, साखरेची बाजू खाली करून अर्धा मिनिट तव्यावर टाका. साखर वितळून तांबूस होते आणि गार झाल्यावर काचेसारखी तडकते. मुलांना लगेच हातात देऊ नका, वितळलेली साखर फार भाजते.

अमेरिकेत यावर मेपल सिरप घालतात. ते मेपलच्या झाडाचा पाणचट रस आटवून करतात, साधारण ४० लिटर रसाचं एक लिटर सिरप. म्हणून इतकं महाग. आपल्याला काकवी आहे की! काकवी जाड असते, चमचाभर गरम पाण्यात सैल करून वर धार धरा. फळ म्हणाल तर डाळिंब. सांगोल्याच्या बाजूचं भगवं डाळिंब सोलून दाणे नुसते वर टाकायचे. इतर फळं पाणी सोडून टोस्ट ओला करतात, डाळिंबाचा दाणा तोंडात जाईपर्यंत कोरडाच राहतो. करमाळा-टेंभुर्णीकडची केळीही आहेत, पण ती कापून तव्यावर तुपात जरा परतून घाला, कच्ची नको.

आता आजी-आजोबा. आपल्याकडे लिंगायत, जैन, मारवाडी अशी पुष्कळ घरं अंडं न खाणारी, आणि खाणाऱ्यांतही श्रावण, सोमवार पाळणारे बरेच. त्यांच्यासाठी कस्टर्ड पावडर. एक कप गार दुधात दोन मोठे चमचे पावडर, एक मोठा चमचा साखर, वेलची. ही पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचा स्टार्च, रंग आणि व्हॅनिला, अंडं त्यात नसतं. तरी एकदा पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या. शिजवायचं नाही, तसंच ब्रेडला लावायचं. स्टार्च तळाशी बसतो, म्हणून दर स्लाइसला आधी ढवळायचं. हे लोक विसरतात आणि मग पहिला टोस्ट नुसता दुधाळ आणि शेवटचा पिठूळ होतो. बुडवणं अगदी झटपट, टाकली की उलटली की काढली, कारण हे मिश्रण पातळ असतं. तूप सढळ. आतून खरवस नाही होणार, पण बाहेरून साल सुंदर येतं. तवा मात्र वेगळा घ्या. अंड्याच्या तव्यावर केलेलं आजीला वासावरून कळतं. आणि उपासाच्या दिवशी हे द्यायला जाऊ नका, ब्रेड मैद्याचा आहे!

तिखट टोस्ट मोठ्यांना जास्त आवडतो. दोन अंड्यांना पाव कपच दूध, साखर नाही, पाव चमचा मीठ, बारीक मिरची, कोथिंबीर, हळदीचं बोट. कांदा घालू नका. कांद्याच्या तुकड्यांनी ब्रेड तव्यापासून उचलला जातो आणि खाली नीट भाजत नाही. हवाच तर बाजूला कापून द्या. शेंगा चटणी मिश्रणात कालवायची कल्पना सगळ्यांना सुचते. ती तळाशी जाऊन बसते, आणि जी ब्रेडला लागते तिच्यातलं तिखट तव्यावर जळून घरभर ठसका उडतो. टोस्ट उतरवल्यावर गरम असतानाच वर पसरा, चटणीचं तेल सुटून आत मुरतं. सोबत दही.

डब्याचं विचारलं नाहीत, पण विचाराल. थंडीत द्या, जाळीवर पूर्ण गार करून, पट्ट्या कापून, काकवी न घालता. मार्चनंतर देऊ नका. अंड्याचा पदार्थ आहे, आणि आपल्या उन्हात दप्तरातला डबा किती तापतो ते उघडताना कळतंच.

नॉनस्टिक घ्यावा का? नवीन हाताला सोपा जातो, चिकटत नाही. पण मंद आच आणि पुरेसं तूप असेल तर घरचा बिडाचा तवा सरस. तो ऊब धरून ठेवतो, गार ओली स्लाइस पडली तरी एकदम थंड पडत नाही, आणि रंग सगळीकडे सारखा येतो. भाकरीचा पातळ लोखंडी तवा मात्र नको, तो मधोमध जाळतो आणि कडेला कच्चं ठेवतो. भाकरीला तो बरोबर, याला नाही.

एवढं जमलं की पुढच्या रविवारी भरलेला करा. हाँगकाँगच्या चहाच्या दुकानांत दोन स्लाइसच्या मध्ये पीनट बटर लावून, अंड्यात बुडवून तळतात आणि वर बटरचा तुकडा देतात. आपल्या घरात शेंगापोळीचं सारण असतंच. भाजलेल्या दाण्याचा कूट चार चमचे, किसलेला गूळ तीन चमचे, वेलची, आणि बांधायला चमचाभर तूप. पातळ स्लाइसवर कडेला बोटभर जागा सोडून पसरा, वर दुसरी ठेवा, कडा दाबून घ्या. कडांना आधी दूध-अंड्याचं बोट फिरवलं तर चांगल्या चिकटतात. मग नेहमीसारखं भिजवून अगदी मंद आचेवर, दर बाजूला चार मिनिटं, आणि भिजवलेल्या कडाही तव्यावर उभ्या धरून शेका. गूळ कुठून तरी बाहेर येईलच. तो तव्यावर वाळू देऊ नका, तवा कोमट झाला की गरम पाणी ओतून ठेवा, लगेच सुटतो.